ड्रेसरोझा संपत का नाही? कांद्याचा ट्रॅक्टर आणि फिलरचं गणित

गेल्या रविवारची गोष्ट. नाशिकच्या सिडकोतलं आमचं घर, पुतण्या सोफ्यावर आडवा पडून वन पीस हे जपानी कार्टून बघतोय, अकरावीची सुट्टी चालू असल्याने त्याला कुणी काही बोलत नाही. आई वाती वळता वळता बाहेर आली, क्षणभर टीव्हीकडे बघितलं आणि म्हणाली, "अरे, हा गुलाबी पिसांचा कोटवाला परवाही असाच हसत होता ना?"

पुतण्या वैतागला. "आजी, मधे नऊ एपिसोड झालेत."

"मग नऊ एपिसोडमध्ये झालं काय?"

यावर पोराकडे खरंच उत्तर नव्हतं. थोडा विचार करून म्हणाला, "ते पळतायत. राजवाड्याकडे."

नंतर जेवताना मला म्हणे, काका हे लोक मुद्दाम करतात का, फिलर घालून पैसे खातात का. तेव्हाच ती बातमीही त्याच्या ग्रुपवर फिरत होती की वन पीसचं ॲनिमे २०२६ पासून दर आठवड्याला वर्षभर चालणार नाही, जानेवारी ते मार्च सुट्टी आणि एप्रिलपासून वर्षाला जास्तीत जास्त २६ एपिसोड. अर्धे म्हणे सुटलो, अर्धे म्हणे लुटलो. म्हटलं हे प्रकरण एकदा नीट मांडूच, कारण यात एक मोठा घोळ आहे, लोक ज्याला फिलर म्हणून शिव्या घालतात तो बहुतेक वेळा फिलर नसतोच.

## आधी शब्द समजून घेऊ

ॲनिमे म्हणजे जपानी कार्टून मालिका, हे आता कॉलेज रोडवर कुणालाही माहीत असतं. मांगा म्हणजे जपानी कॉमिक. बहुतेक मोठे ॲनिमे आधी मांगा म्हणून साप्ताहिकात छापून येतात, दर आठवड्याला एक चॅप्टर, साधारण १७ ते १९ पानं. वन पीसचा मांगा एइचिरो ओडा १९९७ पासून 'वीकली शोनेन जंप' या साप्ताहिकात काढतोय आणि तोएइ ॲनिमेशन ही कंपनी १९९९ पासून त्याचं ॲनिमे करतेय. कथेतलं एक मोठं प्रकरण म्हणजे आर्क. ड्रेसरोझा हा असाच एक आर्क, डोफ्लामिंगो नावाचा पिसांच्या कोटातला व्हिलन ज्या देशावर राज्य करतो तिथे घडणारा.

आणि फिलर म्हणजे असा एपिसोड जो मांगात नाहीच, ॲनिमेवाल्यांनी स्वतः रचून मधे घातलाय. एवढं लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

## कांद्याच्या ट्रॅक्टरमागची गाडी

निफाडवरून लासलगावला ज्यांनी कांद्याच्या हंगामात गाडी चालवलीय त्यांना हे दोन मिनिटात कळेल. पुढे कांद्याने भरलेला ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, वेग सायकलचा. मागे तुमची गाडी. रस्ता अरुंद. समोरून उसाची बैलगाडी.

मांगा हा ट्रॅक्टर. एकटा माणूस (आणि त्याचे चार-पाच असिस्टंट) हाताने काढतोय, त्याचा वेग त्याहून वाढणार नाही. ॲनिमे ही मागची गाडी, तिला मोठी टीम आहे, तिचा वेग मुळातच जास्त, कारण एका एपिसोडमध्ये दोन-तीन चॅप्टर आरामात बसतात. सुरुवातीला ट्रॅक्टर दोन किलोमीटर पुढे असतो तेव्हा काही वाटत नाही. वन पीसलाही तसंच झालं, दोन वर्षांचा मांगा आधी छापून झालेला होता. पण रोज थोडं थोडं करत गाडी ट्रॅक्टरला चिकटते. त्यात ओडाची तब्येत, जंपच्या जोडअंकांच्या सुट्ट्या, त्यामुळे वर्षाला चॅप्टर पडतात चाळीसच्या आसपास किंवा कमीच, आणि टीव्हीला मात्र दर रविवारी एपिसोड पाहिजे.

आता ड्रायव्हरने करायचं काय? चारच गोष्टी करता येतात, आणि गेल्या तीस-चाळीस वर्षांत जपानमध्ये चारही करून झाल्यात.

पहिली, ओव्हरटेक मारायचा. म्हणजे मांगा संपायची वाट न बघता ॲनिमेने स्वतःचाच शेवट रचायचा. 'फुलमेटल अल्केमिस्ट'ने २००३ मध्ये हेच केलं, ५१ एपिसोड, अर्ध्यानंतर कथा पूर्ण वेगळी, काही लोकांना ती अजूनही जास्त आवडते. पण मग २००९ मध्ये मूळ मांगाप्रमाणे परत पहिल्यापासून काढावं लागलंच, ते 'ब्रदरहूड', ६४ एपिसोड, आणि ते नि मांगा जवळपास एकाच सुमारास २०१० मध्ये संपले.

दुसरी, ढाब्यावर थांबायचं. गाडी बाजूला घ्या, चहा प्या, भजी खा, तोवर ट्रॅक्टर पुढे जाईल. हे फिलर. नारुतोने हे इतकं केलं की पहिल्या मालिकेत २२० एपिसोड आणि त्यातले १३६ पासून शेवटापर्यंतचे जवळजवळ सगळे फिलर, सलग ऐंशीच्या वर, म्हणजे दीड वर्षाहून जास्त पोरं दर आठवड्याला टीव्हीसमोर बसून ढाब्यावरची भजीच खात होती.

तिसरी, ट्रॅक्टरच्या मागे पहिल्या गिअरमध्ये रांगायचं. थांबलो असं कुणी म्हणू शकत नाही, गाडी चालूच आहे, पण निफाडचं वेशीचं झाड अर्धा तास खिडकीतून दिसतंय. ड्रेसरोझा हा प्रकार.

चौथी, घरूनच उशिरा निघायचं. म्हणजे सिझन. बारा किंवा चोवीस एपिसोड काढा, थांबा, वर्षभराने परत या. आत्ताचे बहुतेक गाजलेले ॲनिमे असेच निघतात.

## पापड वेगळा, रस्सा वेगळा

मिसळ खायला बसलो की ताटात पापड येतो, दही येतं. पापड नको तर बाजूला ठेवता येतो, मिसळीला धक्का लागत नाही. हा फिलर. तुम्ही फिलरची यादी काढा, तेवढे एपिसोड गाळा, मूळ कथा जशीच्या तशी राहते.

पण समजा मटकी एका वाटीची आहे आणि मालकाने त्याच एका वाटीत सहा जणांपुरता रस्सा ओतला. आता काय गाळणार? प्रत्येक चमच्यात दोन दाणे आहेत. चमचा सोडला तर दाणेही गेले. संथ पेसिंग म्हणजे हे. पेसिंग म्हणजे कथा किती वेगाने पुढे सरकते ते, एवढाच त्याचा अर्थ.

आणि गंमत बघा, वन पीसमध्ये फिलर फारसा नाहीच. नारुतोच्या दोन्ही मालिका मिळून ७२० एपिसोड, त्यात ढोबळमानाने चाळीस टक्के फिलर निघतो. वन पीसमध्ये तोच हिशेब दहा टक्क्यांच्या आसपास आहे. त्यामुळे नेटवर कुणी विचारलं की "वन पीस किती फिलर आहे?" तर खरं उत्तर मिळतं "खूप कमी", तो बिचारा आनंदाने सुरू करतो आणि सहाशे-सातशे एपिसोडनंतर आमच्या पुतण्यासारखा सोफ्यावर पडून विचारतो की हे पळतायत कधीपासून.

आकडेच बघा. ड्रेसरोझा मांगात चॅप्टर ७०० ते ८०१, म्हणजे १०२ चॅप्टर. ॲनिमेत एपिसोड ६२९ ते ७४६, म्हणजे ११८ एपिसोड. एका एपिसोडला एक चॅप्टरसुद्धा पूर्ण नाही. शेजारी ब्रदरहूड ठेवा, १०८ चॅप्टर ६४ एपिसोडमध्ये. 'डीमन स्लेयर'चा पहिला सिझन घ्या, २६ एपिसोडमध्ये पन्नासच्या वर चॅप्टर. म्हणजे बाकीचे ज्या वाटीत दोन दाणे टाकतात तिथे इथे एकही धड पडत नाही.

## घड्याळ लावून बघितलं

जेवण झाल्यावर मी आणि पुतण्या मोबाईलवर स्टॉपवॉच लावून बसलो. एपिसोड साधारण चोवीस मिनिटांचा. पहिलं गाणं अडीच मिनिटं. अडीच! पूर्वी सुरुवातीला दीड आणि शेवटी दीड मिनिटाचं गाणं असायचं, मग बरीच वर्षं शेवटचं गाणं काढून सुरुवातीचंच लांबवलं होतं, ड्रेसरोझा त्या काळातला. मग मागच्या भागात काय झालं ते, कोणता पायरेट कुणाशी लढतोय, देशाचा इतिहास, डोफ्लामिंगोने देशाभोवती टाकलेला पिंजरा कसा आवळत चाललाय, ही उजळणी दोन-तीन मिनिटं. मधली ब्रेकची पाटी. शेवटी पुढच्या भागाची झलक अर्धा मिनिट. उरलं सतरा-अठरा मिनिटं.

चॅप्टर सतरा पानांचा. म्हणजे एका पानाला एक मिनिट. एक पान तुम्ही हातात धरून मिनिटभर बघून दाखवा! चॅप्टर वाचायला मला सहा मिनिटं लागतात, तेही चित्रं बघत बघत.

मग ते एक मिनिट भरतात कशाने? लुफीने, म्हणजे कथेच्या नायकाने, ठोसा उगारला. आता त्याचा चेहरा. मग डोफ्लामिंगोचा चेहरा. मग खाली गर्दीतल्या एका म्हाताऱ्याचा चेहरा, एका पोराचा, कोलोसियम म्हणजे तिथल्या लढतींच्या आखाड्यातल्या पहिलवानांचा, प्रत्येकाचं तोंड उघडं. मग दूर टेकडीवरून सगळं शहर डावीकडून उजवीकडे हळूहळू. मग वीस एपिसोडमागचा प्रसंग परत, जरा पिवळसर करून. मग ठोसा. पुतण्याने मोजलं, एका ठोशाला सात तोंडं. आई म्हणाली, "आमच्या मालिकांतही असंच असतं, कुणी 'मी आई होणार आहे' म्हटलं की घरातल्या प्रत्येकावर तीन-तीनदा कॅमेरा." बरोबर आहे तिचं, पण कारण वेगळं. आपल्या मालिका लांबतात कारण टीआरपी आहे तोवर संपवायचंच नसतं. इथे संपवायचं असलं तरी पुढचं पान अजून छापलेलंच नसतं.

हा रोग जुनाच. ड्रॅगन बॉल झी या जुन्या ॲनिमेमध्ये फ्रीझा हा व्हिलन सांगतो की नामेक ग्रह पाच मिनिटांत फुटणार, आणि ती पाच मिनिटं दहाच्या आसपास एपिसोड चालतात. ड्रेसरोझात लुफीची ताकद परत यायला दहा मिनिटं हवी असतात, त्या दहा मिनिटांचं काय होतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना विचारा.

## पण चित्रं हलवा ना राव, पळवा

इथे बरेच जण म्हणतात, कथा कमी असू दे, निदान भरपूर मारामारी दाखवा, चेहरे कशाला दाखवता. तर चेहरे दाखवतात कारण थांबलेला चेहरा स्वस्त पडतो.

आपल्याच गावचं उदाहरण. पांडवलेणीच्या पायथ्याला ज्यांचं स्मारक आहे त्या दादासाहेब फाळक्यांनी राजा हरिश्चंद्रच्या आधी, १९१२ च्या सुमारास, वाटाण्याचं रोप उगवताना चित्रित केलं होतं, कॅमेरा एका जागी ठेवून थोड्या थोड्या वेळाने एकेक फ्रेम घेत. दाखवायला मिनिटभर, काढायला कित्येक दिवस. ॲनिमेशन म्हणजे हेच, फक्त इथे रोप आपोआप वाढत नाही, प्रत्येक फ्रेममधलं पान माणसाला काढावं लागतं.

हिशेब असा. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम. वीस मिनिटांचे झाले २८,८००. एवढी चित्रं कुणीच काढत नाही, एकच चित्र तीन फ्रेम धरून ठेवलं तर सेकंदाला ८ चित्रं लागतात, म्हणजे ९,६००. तेही दर आठवड्याला परवडत नाही म्हणून मग जिथे जमेल तिथे चित्र थांबवायचं, फक्त ओठ हलवायचे, किंवा एकच मोठं चित्र काढून कॅमेरा त्याच्यावरून सरकवायचा. ही युक्ती ओसामू तेझुकाच्या 'ॲस्ट्रो बॉय'पासूनची, १ जानेवारी १९६३ ला जपानच्या टीव्हीवर तो सुरू झाला आणि दर आठवड्याला अर्धा तास ॲनिमेशन देता येतं हे याच काटकसरीने दाखवून दिलं. तेव्हापासून जपानचं टीव्ही ॲनिमे या काटकसरीवरच उभं आहे. बरं, मधली चित्रं काढणाऱ्या नव्या पोरांना कित्येक ठिकाणी पगार नसतो, चित्रावर पैसे मिळतात आणि तेही तुटपुंजे. त्यामुळे "सगळ्या एपिसोडला सिनेमासारखं करा" म्हणणाऱ्याने ते कोण करणार आणि तो झोपणार कधी हेही सांगावं.

म्हणजे दोन्हीकडून कोंडी बघा. कथा कमी म्हणून वेळ भरायचाय, आणि चित्रं महाग म्हणून तो वेळ हालचालीने भरता येत नाही. उरतात तोंडं. उघडी.

## मग थांबत का नव्हते?

कारण एका ॲनिमेमागे एकटी कंपनी नसते. चॅनल, मांगा छापणारा प्रकाशक, खेळणी काढणारे, गाण्यांची कंपनी असे बरेच जण पैसे लावतात, बाकी बऱ्याच ॲनिमेंत याला प्रॉडक्शन कमिटी म्हणतात, आपल्याकडच्या भिशीसारखं समजा, पैसे सगळ्यांचे आणि कुणी एकटा उठून नको म्हणू शकत नाही. वन पीस २००६ पासून फुजी टीव्हीवर रविवारी सकाळी साडेनऊला लागायचं, घराघरात पोरं उठून बसलेली. ती जागा सोडली की तिथे दुसरं काहीतरी येणार. दर आठवड्याला दिसत राहिलं की खेळणी, सिनेमा, गेम सगळं चालतं. रविवार कारंजाच्या तिकडे भाजीवाला जागा का सोडत नाही, एक दिवस गाडी नाही लावली तर दुसरा लावतो, तसंच.

आता गणित बदललं कारण पोरं सकाळी साडेनऊला टीव्हीसमोर बसत नाहीत, आमच्या पुतण्यासारखी झोपलेली असतात आणि मोबाईलवर हवं तेव्हा बघतात. मग २०२४ च्या ऑक्टोबरात वन पीसने सहा महिने सुट्टी घेतली, एप्रिल २०२५ ला परत आलं ते रविवारी रात्री उशिराच्या वेळेला. आणि त्या सुट्टीत काय दाखवलं? फिशमॅन आयलंडचा जुना आर्क, जो आधी पन्नासहून जास्त एपिसोड चालला होता, तो कापून २१ एपिसोडमध्ये. म्हणजे कंपनीने स्वतःच कात्री लावून मान्य केलं की रस्सा जास्त होता, तोंडाने म्हणाले नसतील एवढंच. ड्रॅगन बॉल झीचंही २००९ मध्ये 'काय' नावाने असंच झालं होतं.

## "फिलर वाईटच असतो"

नाही हो. झीमध्ये गोकू आणि पिकोलो गाडीचं लायसन्स काढायला जातात तो अख्खा एपिसोड फिलर आहे आणि लोकांना तोच आठवतो. वन पीसचा जी-एट, एपिसोड १९६ ते २०६, नौदलाच्या तळात सगळे अडकतात, तो तर मांगात नाही यावर विश्वास बसत नाही इतका जमलाय. मला विचाराल तर वाईट रस्स्यापेक्षा चांगला पापड कधीही बरा. निदान खाताना कुरकुरीत लागतो आणि नको तर ठेवता येतो.

## "एवढं आहे तर मांगा वाच"

हे ऐकायला बरोबर वाटतं, ड्रेसरोझाचे १०२ चॅप्टर सहा मिनिटांनी धरले तर दहा तासांत संपतो, आणि ॲनिमे सतरा मिनिटांनी धरलं तरी तेहतीस तास. तिप्पट. पुतण्याने दोन रात्री जागून वाचलासुद्धा. तिसऱ्या दिवशी बघतो तर परत ॲनिमे लावून बसलेला! म्हटलं काय भो, कळलं ना शेवट? म्हणे, हो पण गिअर फोर्थ (लुफीचं लढाईतलं नवं रूप) हलताना बघायचाय, त्याचा आवाज ऐकायचाय. आता यावर काय बोलणार, कीर्तनात गोष्ट कुणाला माहीत नसते, तरी लोक बसतातच की.

## "ओडाच लांबट लिहितो त्याला ॲनिमेवाले काय करणार"

यात तथ्य आहे. मांगातही ड्रेसरोझा २०१३ ते २०१५ चालला, कोलोसियमचे गटच चार, प्रत्येक गटात पहिलवानांची जत्रा, त्यातले निम्मे परत कधी दिसत नाहीत. दर आठवड्याला वाचणाऱ्यांनी तेव्हाही बोंब मारली होती. पण एकत्र वाचलं की ते चालून जातं, कारण पानं उलटायचा वेग वाचणाऱ्याच्या हातात असतो. ॲनिमेत तो हातात नसतो, दीडच्या स्पीडने बघितलं तर लुफी गाडी चुकल्यासारखा भरभर बोलतो.

## "मग सिझन काढले की प्रश्न मिटला"

पूर्ण नाही मिटत. डीमन स्लेयर सिझनवालाच, तरी २०२४ चा हशिरा ट्रेनिंग आर्क बघा, आठच एपिसोड, पण मांगात तो जेमतेम डझनभर चॅप्टर, त्यामुळे तिथेही ओढाताण जाणवलीच, आणि पुढचं थेट सिनेमात. उलट बाजूला नेटफ्लिक्सचा खऱ्या माणसांचा वन पीस, पहिल्या सिझनला नव्वदेक चॅप्टर आठ एपिसोडमध्ये कोंबले, तिथे कुणी म्हणालं नाही की हळू आहे, पण पोरांनी यादीच काढली काय काय गाळलं त्याची. आणि थांबायचं म्हणजे किती, ब्लीच २०१२ ला ३६६ एपिसोडवर थांबला तो परत आला २०२२ ला. दहा वर्षं. तेव्हा शाळेत असलेली पोरं अंबडच्या कंपनीत कामाला लागली.

तरी मी सिझनच्या बाजूचा. ट्रॅक्टरच्या मागे रांगण्यापेक्षा घरी बसून उशिरा निघालेलं बरं, निदान रस्ता मोकळा मिळाला की गाडी पळते तरी. वर्षाला २६ म्हटल्यावर चॅप्टर चाळीसच्या आसपास आणि एपिसोड २६, एपिसोडला एकच चॅप्टर घेतला तर ट्रॅक्टर परत पुढे निघणार.

हे सगळं पुतण्याला सांगितलं तर तो म्हणतो, "ते ठीक आहे काका, पण जानेवारी ते मार्च मी बघू काय?" म्हणजे हळू चाललं तरी त्रास आणि थांबलं तरी त्रास. मी म्हटलं जी-एट परत बघ.

आई एव्हाना बाहेर येऊन बसली होती. म्हणाली, "तीन महिने बंद आहे ना ते? मग साडेसातला रिमोट इकडे द्यायचा."

"आजी, तुझी ती बाई आरतीचं ताट घेऊन दारात उभीय, सोमवारपासून."

"आज आत येणार आहे," आई म्हणाली, आणि रिमोट घेतला.